मिरवणुकीचं एचडी शूटिंग एडिट केल्यावर चित्राची वाट लागते: नेमकं कुठे चुकतंय?

नारायणपेठी

लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक आणि घरचे गौरी-गणपती असं मिळून साधारण ३ तासांचं शूटिंग आहे. त्यातून ४० मिनिटांचा एक व्हिडिओ करायचा आहे. माल असा:

हँडीकॅम: एव्हीसीएचडी, १९२० × १०८०, ५०आय, मीडियाइन्फोत (फाइलीचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर) बिटरेट २२ एमबीपीएसच्या आसपास. कार्डावरून फक्त एमटीएस फाइली उतरवल्यात. कार्ड अजून पुसलेलं नाही.
अँड्रॉइड फोन: १०८०पी, ३० फ्रेम.
आयफोन: ४के, ३० फ्रेम, एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारा मोड) चालू होतं.
शिवाय भावंडांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या १०-१२ क्लिपा.

आतापर्यंत केलं ते असं: एका सॉफ्टवेअरमध्ये कापाकापी करून एक्स्पोर्ट, ती फाइल दुसऱ्यात नेऊन रंग ठीक करून एक्स्पोर्ट, मग तिसऱ्यात नावं आणि संगीत टाकून शेवटचा एक्स्पोर्ट. तिन्ही वेळा एच.२६४, १०८०पी, २५ फ्रेम, ८ एमबीपीएस.

दिसतं ते असं:
१. ढोलावर टिपरू पडताना त्याच्याभोवती कंगव्यासारख्या आडव्या रेषा येतात.
२. गुलाल उडाला की सगळा पडदा चौकोन-चौकोन होतो.
३. भगव्या झेंड्याची कड करवतीसारखी दिसते, चेहऱ्याची मात्र ठीक.
४. आयफोनच्या क्लिपा भगभगीत.
५. हँडीकॅमच्या लांब शॉटमध्ये दोन ठिकाणी आवाज टक् करून तुटतो.
६. फोनच्या क्लिपा मधूनमधून उचकी लागल्यासारख्या हलतात.

मशीन आय५, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. डिस्कवर ४०० जीबी मोकळी आहे. टीव्हीवर पेनड्राइव्हने बघायचंय आणि यूट्यूबवर टाकायचंय. आधी सगळं प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीचा कमी दाबलेला, मोठ्या फाइलींचा फॉरमॅट) करून घ्यावं का?

रीळवाला

लक्षणं सहा आहेत, मुख्य दुखणी तीन. एकेक घेतो.

पहिलं, तीन वेळा एक्स्पोर्ट. ही झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स झाली. एच.२६४ फाइल एक्स्पोर्ट करताना एन्कोडर प्रत्येक वेळी चित्रातला बारीक तपशील टाकून देतो. दुसऱ्या फेरीत त्याला आधीच्या फेरीचे चौकोनही 'तपशील' वाटतात, आणि तुटपुंजे बिट तो ते चौकोन जपण्यात घालवतो. २२ एमबीपीएसचा माल ८ मध्ये कोंबून, पुन्हा ८ मध्ये, पुन्हा ८ मध्ये. गुलालात काही उरलं असतं तर नवल. कापाकापी, रंग, नावं, संगीत हे सगळं एकाच प्रोजेक्टमध्ये, मूळ फाइलींवर, आणि शेवटी एकदाच एक्स्पोर्ट. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाणं भागच असेल तर मधली फाइल एच.२६४ ८ एमबीपीएसची नको. प्रोरेस, त्याच जातीचा डीएनएक्सएचआर किंवा निदान सीआरएफ (एच.२६४ मध्ये दर्जा ठरवणारा आकडा, लहान म्हणजे चांगला) १०-१२ ची करा.

दुसरं, ५०आय. तुमच्या हँडीकॅमच्या एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची चित्रं विणलेली आहेत: सम ओळींत एका क्षणाचं, विषम ओळींत त्यानंतर १/५० सेकंदाने घेतलेलं. प्रत्येकी ५४० ओळी. मूर्ती स्थिर असते, तिच्यात काही कळत नाही. टिपरू तेवढ्या वेळात वीतभर खाली आलेलं असतं, म्हणून एकाआड एक ओळीत ते दोन ठिकाणी दिसतं. तोच तुमचा कंगवा. तुम्ही टाइमलाइन २५पी लावली, सॉफ्टवेअरला मूळ फाइल इंटरलेस्ड, म्हणजे अशी विणलेली, आहे हे कळलं नाही किंवा त्याने दुर्लक्ष केलं, आणि दोन्ही क्षण एकाच फ्रेममध्ये भाजून निघाले.

त्यात कुठे थोडा झूम केला असेल किंवा स्टॅबिलायझर लावला असेल तर आणखी वाईट. विणलेल्या फ्रेमला १०५ टक्के मोठं केलं की वरच्या-खालच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि कंगवा जाडाभरडा, वाकडा होतो. अशा फाइलीवर नंतर कितीही डिइंटरलेस (वीण उसवून पूर्ण फ्रेमा करणं) लावा, सुटत नाही, कारण तिथे सम-विषम ओळी उरलेल्याच नसतात. म्हणून डिइंटरलेस आधी, झूम, स्टॅबिलायझर, आकार बदलणं वगैरे सगळं नंतर.

तिसरं दुखणं फ्रेम रेटच्या खिचडीचं, त्यावर पुढे लिहितो.

आवाज तुटण्याचं कारण मात्र एडिटिंगमध्ये नाही, कॉपी करण्यात आहे. कॅमेरा लांब शॉट एका ठरावीक आकारानंतर (बहुतेक वेळा २ जीबी, काही कॅमेऱ्यांत ४) तोडून पुढची एमटीएस फाइल सुरू करतो. तोडताना तो आवाजाचा तुकडा पुरा व्हायची वाट बघत नाही. अर्धा या फाइलीत, अर्धा पुढच्या. तुम्ही दोन्ही फाइली टाइमलाइनवर शेजारी ठेवल्या की तो अर्धा-अर्धा तुकडा कुणालाच वाचता येत नाही. कार्ड पुसलेलं नाही हे बरं. आता 'प्रायव्हेट' हे अख्खं फोल्डर आतल्या 'एव्हीसीएचडी', 'बीडीएमव्ही', 'स्ट्रीम'सकट जसंच्या तसं उतरवा. कॅमेऱ्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर असेल तर ते यावरून तुकडे नीट जोडून देतं. नसेल तर विंडोजच्या कॉपी कमांडला स्लॅश-बी लावून, फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह देऊन, क्रमाने जोडा. ही नुसती बाइटला बाइट चिकटवणी आहे, चित्राला धक्का लागत नाही. क्रम चुकला तर मात्र गोंधळ, तेव्हा फाइलींचे आकडे बघून घ्या. फक्त एकाच शॉटचे तुकडे जोडायचे, वेगवेगळे शॉट नाही.

प्रोरेस_पंथी

सरळ उपाय: सगळं शूटिंग प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये करून घ्या. टाइमलाइन लोण्यासारखी चालेल आणि क्वालिटीची काळजीच नको. शटर एन्कोडर फुकट आहे, फाइली ओढून टाका, रात्रभर लावून द्या.

हिशेबी

पंथीसाहेब, टाइमलाइन लोण्यासारखी चालेल हे खरं. पण 'क्वालिटीची काळजी नको' हे अर्धंच. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ८-बिट ४:२:० (रंगाची माहिती कमी ठेवलेला) माल प्रोरेस एचक्यूत ओतला तरी आत माल तोच राहतो, भांडं तेवढं मोठं. प्रोरेसचा खरा फायदा दोन ठिकाणी: प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे प्रोसेसरला मागच्या-पुढच्या फ्रेमा उलगडत बसावं लागत नाही, आणि मधली एखादी फेरी झालीच तर नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

आता डिस्क. १०८०मध्ये २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ साधारण १२२ एमबीपीएस खातो, एचक्यू १८४. ५० फ्रेमला दुप्पट, म्हणजे साधं ४२२ सुद्धा सुमारे २४५ एमबीपीएस, तासाला ११० जीबी. ३ तासांचे ३३० जीबी. ४०० पैकी ३३० यातच गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त शॉट अंतिम व्हिडिओत येणारच नाहीत. एचक्यू घेतलात तर बसणारही नाही.

मी असं सुचवेन:

आधी लॉसलेसकट या कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या एमटीएस फाइली उघडून नुसती निवड करा. नको ते टाकून द्या, हवं त्याच्या दोन्ही बाजूंना २-२ सेकंद जास्त ठेवा. इथे री-एन्कोड होत नाही, पॅकेट जशीच्या तशी उचलली जातात, त्यामुळे तासाभराच्या शूटिंगला मिनिटंच लागतात. पण काप फक्त की-फ्रेमवर (मागच्या-पुढच्या फ्रेमांवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) पडतो, आणि एव्हीसीएचडीत की-फ्रेम साधारण अर्ध्या सेकंदाने येते, फोनच्या फाइलीत बहुधा सेकंदाने. ते २ सेकंद त्यासाठीच. आउटपुट एमपेग-टीएसच ठेवा. इंटरलेस्ड एच.२६४ उचलून एमपी४ किंवा एमकेव्हीत टाकलं की कधीकधी टाइमस्टॅम्प गडबडतात आणि क्लिप दुप्पट वेगाने किंवा धक्के देत चालते.

यातून हँडीकॅमची ४० मिनिटं उरली असं धरू. आता तेवढीच डिइंटरलेस करा. प्रोरेस ४२२, ५०पी केलंत तर ७३-७४ जीबी. बसतंय. तेही नको असेल तर हँडब्रेक हा फाइल बदलून देणारा प्रोग्रॅम पुरतो, पण त्याच्या तयार प्रीसेटवर विसंबू नका. 'फास्ट १०८०पी३०' हा नेहमीचा प्रीसेट आरएफ (हँडब्रेकमधला सीआरएफ) २२ लावतो आणि फ्रेम रेट ३० वर अडवतो. ५० फ्रेमचं ३० झालं की मिरवणूक अडखळत चालणार. हाताने असं लावा: डिइंटरलेस 'बीडब्ल्यूडिफ', त्याचा प्रीसेट 'बॉब' (दोन्ही क्षणांच्या वेगळ्या फ्रेमा करणारा), इंटरलेस डिटेक्शन बंद, फ्रेम रेट ५० आणि 'कॉन्स्टंट', आरएफ १० ते १२, ऑटो क्रॉप बंद. ते चालू राहिलं तर रात्रीच्या काळ्याभोर कडांना तो काळी पट्टी समजून कापतो आणि क्लिपांचे आकार वेगवेगळे होतात. आवाज एसी-३ पास-थ्रू.

आय५ ला या फाइली टाइमलाइनवर जड जातील. त्याला उपाय प्रॉक्सी. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअर छोट्या प्रतींवर एडिट करू देतात आणि एक्स्पोर्टच्या वेळी आपोआप मूळ फाइलींकडे जातात. शॉटकटच्या एक्स्पोर्टमध्ये प्रॉक्सी वापरायची खूण चुकून पडलेली नाही एवढं बघा. ती पडली की सगळी मेहनत छोट्या आकारातून मोठी केलेली बाहेर येते, आणि माणूस दोन दिवस बिटरेटशी झगडत बसतो.

रंगपेटी

झेंड्याच्या करवतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ४:२:० मध्ये उजेडाची माहिती १९२० × १०८० असते, पण रंगाची फक्त ९६० × ५४०. प्रोग्रेसिव्हमध्ये ते खपून जातं, डोळा रंगाच्या कडांबाबत मंद आहे. इंटरलेस्डमध्ये हे ५४० सुद्धा दोन फील्डांत (एका क्षणाच्या एकाआड एक ओळी म्हणजे एक फील्ड) वाटले जातात, प्रत्येकी २७० ओळी. सॉफ्टवेअरने फ्रेम प्रोग्रेसिव्ह समजून रंग पसरवला की या क्षणाचा रंग त्या क्षणाच्या ओळीवर चढतो. चेहऱ्याच्या आणि भिंतीच्या रंगात फरक कमी, म्हणून कळत नाही. काळ्या आकाशावर भगवा झेंडा, हिरव्या नऊवारीचे लाल काठ, गुलाल यांच्या कडेला दोन-दोन ओळींचे दात दिसतात. बिटरेट वाढवून हे जाणार नाही. डिइंटरलेस योग्य जागी झालं की कंगव्याबरोबर तेही जाईल. मीडियाइन्फोत 'स्कॅन टाइप'पुढे 'इंटरलेस्ड' किंवा 'एमबीएएफएफ' आणि 'स्कॅन ऑर्डर'पुढे 'टॉप फील्ड फर्स्ट' असं दिसायला हवं. जुन्या मिनीडीव्ही टेपांचा पाल माल बॉटम फील्ड फर्स्ट असतो. तो याच प्रोजेक्टमध्ये मिसळलात तर त्याची फील्ड ऑर्डर वेगळी सांगावी लागेल, नाहीतर हालचाल पुढे-मागे-पुढे अशी थरथरते.

वेळ असेल आणि मशीन रात्रभर चालू ठेवायची तयारी असेल तर बीडब्ल्यूडिफऐवजी क्यूटीजीएमसी ही डिइंटरलेसची दुसरी पद्धत वापरून बघा. 'हायब्रिड' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ते चालतं. मांडवाच्या माळांसारख्या बारीक आडव्या वस्तूंची थरथर ते बरंच शांत करतं. पण इतकं हळू चालतं की ४० मिनिटांसाठी तुमच्या आय५ ला रात्र कमी पडू शकेल. आधी १० सेकंदांचा तुकडा करून फरक दिसतोय का बघा. सगळ्यांना दिसतो असं नाही.

आयफोन: ही एचडीआरची क्लिप आहे, रंग रेक. २०२० आणि उजेडाची वक्ररेषा एचएलजी. तुमची टाइमलाइन रेक. ७०९, म्हणजे साध्या एचडीचे रंग. भाषाच वेगळी, त्यामुळे ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या ओढून ती जुळत नाही. चेहरा जमला की मागचे दिवे जातात, दिवे जमले की चेहरा मातकट. टोन मॅपिंग करून, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला लहान पल्ल्यात बसवून, रूपांतर करावं लागतं. ज्या मशीनवर दाविंची रिझॉल्व्ह चालतं त्यावर 'कलर स्पेस ट्रान्सफॉर्म' लावा: इनपुट कलर स्पेस रेक. २०२०, इनपुट गॅमा रेक. २१०० एचएलजी, आउटपुट रेक. ७०९ आणि गॅमा २.४, टोन मॅपिंग चालू. तिथून डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये काढून आपल्या प्रोजेक्टमध्ये आणा. पुढच्या वर्षी शूटिंगआधी सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओमध्ये जाऊन 'एचडीआर व्हिडिओ' बंद करा आणि हा व्याप वाचवा.

हँडीकॅमची एक गंमत. व्हिडिओत पांढऱ्याची अधिकृत मर्यादा २३५ आहे, पण बरेच हँडीकॅम पुढे २५५ पर्यंत नोंदवतात. ढोल पथकाचे पांढरे झब्बे दुपारच्या उन्हात असतील तर त्यांच्या चुण्या नेमक्या त्या वरच्या पट्टीत असतात. ८-बिट आरजीबीत काम करणारं फिल्टर लागलं की २३५ च्या वरचं सपाट कापलं जातं आणि झब्बा पुठ्ठ्याचा दिसतो. वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) उघडा. रेष १०० च्या वर जात असेल तर आत माल आहे. रिझॉल्व्हसारख्या ३२-बिट फ्लोट सॉफ्टवेअरमध्ये गेन थोडा खाली आणला की चुण्या परत दिसू लागतात. रेष १०० ला नाकासमोर सपाट झालेली असेल तर शूटिंगमध्येच गेलेलं आहे, सोडून द्या.

नारायणपेठी

सगळ्यांचे आभार. रीळवाला यांनी सांगितल्याप्रमाणे 'प्रायव्हेट' फोल्डर पुन्हा उतरवलं, तुकडे जोडले, आवाजाची टक् गेली. हँडब्रेकने १ मिनिटाची क्लिप 'बॉब' करून पाहिली, कंगवा गायब, आणि झेंड्याची कडही सरळ.

दोन शंका. टाइमलाइन २५पी ठेवू की ५०पी? आणि फोनच्या ३० फ्रेमचं काय? शॉटकटमध्ये पहिल्यांदा फोनची क्लिप टाकली तर सगळा प्रोजेक्टच ३० फ्रेमचा झाला.

रीळवाला

शॉटकटचा 'व्हिडिओ मोड' ऑटोमॅटिकवर असतो, पहिली क्लिप जशी तसा प्रोजेक्ट. पहिली क्लिप उभी धरलेली असेल तर प्रोजेक्टही उभा. क्लिप टाकायच्या आधी सेटिंग्जमधून 'एचडी १०८०पी ५०' निवडा.

२५ की ५०: मिरवणुकीला ५०. हँडीकॅमने सेकंदाला ५० क्षण टिपलेत, २५पी केलंत की निम्मे फेकले. ताशाच्या काड्या, ध्वज नाचवणारे, गर्दीतून फिरवलेला कॅमेरा, इथे फरक ठळक दिसतो. घरच्या आरतीला २५ नेही भागलं असतं, पण दोन मोड कशाला. ५०पीला एकच अडचण: जुने टीव्ही आणि ब्ल्यू-रे प्लेअर एच.२६४ लेव्हल ४.१ पर्यंतच घेतात, १०८०पी ५० ला ४.२ लागते. त्या टीव्हीवर क्लिप अडखळेल किंवा 'फाइल सपोर्टेड नाही' येईल. आधी १ मिनिट पेनड्राइव्हवर टाकून पाहा.

३० फ्रेमचं गणित: २५च्या टाइमलाइनवर टाकलं की दर सहावी फ्रेम गळते, सेकंदाला पाच वेळा उडी. तीच तुमची उचकी. ५०च्या टाइमलाइनवर फ्रेम गळत नाही. तीन फ्रेमांना पाच जागा मिळतात, दोन-दोन-एक अशा. पूर्ण गुळगुळीत नाही, पण उडीपेक्षा खूप सुसह्य. ज्या क्लिपचा आवाज नको आहे, म्हणजे वर संगीतच येणार आहे, ती सरळ ८३.३३ टक्के वेगाने चालवा. ३० चे बरोबर २५ होतात, प्रत्येक फ्रेम दोनदा, हालचाल एकसारखी. फुलांचा वर्षाव, रांगोळी, पालखी यांना हा थोडा संथपणा शोभतोही. ढोलवाल्यांना लावू नका, ठेका आणि हात जुळणार नाहीत.

ऑप्टिकल फ्लोने मधल्या फ्रेमा बनवण्याच्या नादाला मिरवणुकीत लागू नये. टिपरू रबरासारखं वाकतं आणि गुलालात माणसांची बोटं वितळतात.

अँड्रॉइड फोन बहुधा व्हेरिएबल फ्रेम रेटवर नोंदवतो, ३० म्हणतो आणि अंधारात २४-२८ वर येतो. मीडियाइन्फोत 'फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल' दिसलं तर लांब क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज सुटतात. अशा क्लिपाही हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' ३०, आरएफ १०-१२ करून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या क्लिपा आधीच दाबलेल्या आहेत, त्यांच्यात काही उरलेलं नाही. भावंडांकडून मूळ फाइल पुन्हा मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची तर गॅलरीतून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून. २ जीबीपर्यंत जशीच्या तशी येते.

टिपरू_आणि_टाइमलाइन

एक्स्पोर्टचं मी सांगतो.

ठरावीक बिटरेट लावू नका, क्वालिटी लावा. ४० मिनिटांत २० मिनिटं घरातली मूर्ती आहे, तिला ६ एमबीपीएसही पुष्कळ. २ मिनिटं अलका टॉकीज चौकातला गुलाल आणि कागदी कपटे आहेत, त्यांना ४० सुद्धा थोडे. कपटा हा एन्कोडरचा सर्वांत मोठा शत्रू. हजार तुकडे, प्रत्येकाची दिशा वेगळी, मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखताच येत नाही. ८ चा ठोक बिटरेट लावला की मूर्तीला जास्त मिळतात आणि गुलाल उपाशी राहतो. सीआरएफमध्ये एन्कोडर जिथे गरज तिथे ओततो. शॉटकटमध्ये 'कोडेक' टॅबवर रेट कंट्रोल 'क्वालिटी-बेस्ड' करा. तिथला टक्क्यांचा आकडा सीआरएफच असतो: ५५ टक्के म्हणजे सीआरएफ २३, ६५ टक्के म्हणजे साधारण १८. ६५ ठेवा. 'हार्डवेअर एन्कोडर'ची खूण काढा. क्विकसिंकने (इंटेल प्रोसेसरमधला हार्डवेअर एन्कोडर) अर्ध्या वेळात होईल, पण त्याच आकाराच्या फाइलीत गुलाल एक्स२६४ या सॉफ्टवेअर एन्कोडरइतका चांगला बसत नाही. प्रीसेट 'स्लो'. 'व्हिडिओ' टॅबवर इंटरपोलेशन 'लँक्झोस', कारण आयफोनचं ४के इथे १०८० होणार आहे.

त्या ४के क्लिपांचा एक फायदा उचला: १०८०च्या टाइमलाइनवर त्यांना दुपटीपर्यंत झूम करता येतं, चित्र फुटत नाही. हँडीकॅमच्या क्लिपला १० टक्के झूमही दिसतो. तेव्हा जवळून मूर्तीचा शॉट हवा असेल तर आयफोनचा काढा.

रात्रीच्या शॉटमधला दाणा डिनॉइजने आधी घालवा, मग रंग, सगळ्यात शेवटी शार्प, तेही नखभर. उलट क्रम केलात तर शार्प फिल्टर दाण्यालाच धार लावतं, आणि अर्धे बिट त्या वळवळणाऱ्या दाण्यावर खर्च होतात. अंधारात चौकोन दिसण्याचं अर्धं कारण हेच असतं.

यूट्यूबसाठी वेगळा एडिट नको. हीच फाइल चढवा. त्यांची १०८०पी ५० साठी शिफारस १२ एमबीपीएसची आहे, आपली याहून जड आहे ते चांगलंच, ते कसंही पुन्हा दाबणारच. गुलाल तिथेही फुटत असेल तर तीच टाइमलाइन २५६० × १४४० मध्ये एक्स्पोर्ट करून चढवा. चित्रात नवं काही येत नाही, पण १४४०पीच्या प्रतीला यूट्यूब जास्त बिट देतं.

नारायणपेठी

६५ टक्क्यांवर एक्स्पोर्ट झाला, फाइल ८.७ जीबी. गुलाल बघण्यासारखा झालाय. पण पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही, 'फाइल टू लार्ज' म्हणतं, आणि पेनड्राइव्ह ३२ जीबीचा रिकामा आहे. शिवाय १ मिनिटाची चाचणी टीव्हीवर लावली तर चालली, पण लॅपटॉपवर दिसते त्यापेक्षा मऊ वाटते.

हिशेबी

पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे, त्यात ४ जीबीच्या वर एक फाइल मावत नाही. एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही एक्सएफएटी वाचत नसेल तर एक्स्पोर्ट पुन्हा करू नका. लॉसलेसकटमध्ये तीच फाइल उघडून प्रकरणाच्या जागी तीन तुकडे करा, प्रत्येकी ३ जीबीच्या आत-बाहेर. री-एन्कोड नाही, दोन-चार मिनिटांचं काम.

रंगपेटी

मऊपणाचं खापर फाइलीवर फोडू नका. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये स्क्रीनचा आकार '१६:९' असेल तर बरेच टीव्ही चारी बाजूंनी थोडं कापून उरलेलं ताणून दाखवतात. म्हणजे १०८० ओळी पुन्हा एकदा मोठ्या केल्या जातात, आणि पिक्सेलला पिक्सेल राहत नाही. तिथे 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा 'फुल पिक्सेल', जे नाव असेल ते निवडा. नॉइज रिडक्शनही बंद करा, ते गुलालाला दाणा समजून पुसतं. 'मोशन'वालं जे काही असेल तेही बंद, ५० फ्रेमला त्याची गरज नाही. काम झालं का ते ओळखायची खूण: तुमच्या नावांच्या पाटीची सगळ्यात खालची ओळ लॅपटॉपवर कडेपासून जेवढी लांब आहे तेवढीच टीव्हीवर दिसली पाहिजे.

नारायणपेठी

आमच्या टीव्हीत 'जस्ट स्कॅन' नावाने होतं, ते निवडलं. ओळ जागेवर आली.